बेंबीला काय लावायचं?

आमच्या सिस्टरचं नाव धोंडाबाई. नर्सिंग शिकलेली, कडक इस्त्रीची साडी नेसणारी, साहेबाला तोंडावर सुनावणारी बाई, आणि नाव धोंडाबाई! नवीन आलेला प्रत्येक डॉक्टर हजेरीचा कागद बघून आधी हसायचा आणि मग सल्ला द्यायचा, "सिस्टर, नाव बदलून घ्या की. संध्या करा, सुनंदा करा." सिस्टरचं उत्तर ठरलेलं. "डॉक्टर, माझ्या आईनं दोन लेकरं घालवून हे नाव ठेवलंय. ते बदलायचा हक्क मला नाही." डॉक्टर चहा मागवायचे.

मी सुनीता, गावची आशा कार्यकर्ती. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघर फिरून गरोदर बायांची आणि लहान लेकरांची काळजी बघायची, हे माझं काम. बारा वर्षं मी धोंडाबाई सिस्टरच्या हाताखाली काढली. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, बाई मायाळू दिसते. त्यांनी पर्समधून नेलकटर काढलं आणि माझी दहाच्या दहा नखं तिथंच उपकेंद्राच्या पायरीवर बसून कापली. मी लाल नेलपॉलिश लावून गेले होते हो! आयुष्यातलं पहिलं काम, हौस असते माणसाला. "लेकराला हात लावणार ना तू? मग हा बाजार कशाला वाढवलास?" असं म्हणाल्या. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, ही बाई आणि मी, आमचं काही जमायचं नाही.

ते नेलकटर त्यांच्या पर्समध्ये कायम असायचं. बाकीच्या बाया एकमेकींच्या हातातल्या बांगड्या बघतात, सिस्टर नखं बघायच्या. जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचीसुद्धा त्यांनी नखं कापलेली मी पाहिलीत. ती बाई बिचारी घाबरून हात पुढं करून बसली होती.

आणि त्यांचा तो प्रश्न! "बेंबीला काय लावायचं?" दिसेल त्या बाईला, दिसेल तिथं. पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत. तिकडून उत्तर यायलाच पाहिजे, "काय न्हाय!" आलं नाही, की सिस्टर हातातलं ताट बाजूला ठेवून तिथंच शाळा भरवायच्या. एकदा एका लग्नघरी हळदीच्या पाटावर बसलेल्या नवरीला त्यांनी विचारलं. पोरीचं तोंड हळदीनं माखलेलं, डोळे तेवढे दिसत होते. ती लाजत म्हणाली, "काय न्हाय, सिस्टर." "शाब्बास! आज तुला लागू दे काय लागायची ती हळद. उद्या लेकराच्या बेंबीला मात्र चिमूटभरसुद्धा नको." नवरीची आजी हे ऐकून भडकली. हळदीच्या दिवशी कसलं अभद्र बोलता म्हणून तिनं सिस्टरला जेवल्याशिवाय लावून दिलं. सिस्टर उपाशी परतल्या, पण खुशीत होत्या. पोरीला उत्तर आलं होतं ना!

आमच्याकडं पूर्वी नाळ गळून पडेस्तोवर बेंबीला काय काय लावायचे त्याची यादी मोठी आहे. गोवरीची राख, हळद-तेल, कुंकू, कुठं कुठं तर शेणसुद्धा. सगळं मायेनंच. लवकर सुकावं, लेकराला बरं वाटावं म्हणून. पण मातीत, शेणात, गंजलेल्या विळ्याच्या पात्यावर धनुर्वाताचे जंतू बसलेले असतात आणि त्यांना ओली बेंबी म्हणजे उघडं दार. लेकरू पहिले काही दिवस झकास दूध ओढतं. मग एकाएकी जबडा आवळतो, ओढता येत नाही, अंग कमानीसारखं ताठ होतं. बहुतेकदा सातव्या-आठव्या दिवसाच्या आसपास. जुनी माणसं म्हणायची, सटवाईनं नेलं. पाचव्या दिवशी येऊन नशीब लिहिणारी सटवाई, तिनंच तेवढं आयुष्य लिहिलं होतं म्हणायचं आणि पुढच्या खेपेला लागायचं.

आता मंदाची गोष्ट सांगते, म्हणजे सिस्टर काय चीज होती ते कळेल.

मंदा आमच्या गल्लीतल्या सरूबाईची सून. नवीन लग्न झालेली, पहिलटकरीण. तिला धनुर्वाताची सुई द्यायला सिस्टर आल्या, तर ही पोरगी दंड झाकून कोपऱ्यात उभी. "मला कशाला? मला कुठं लोखंड लागलंय?"

तिचंही चुकलं नव्हतं. आमच्याकडं ती सुई म्हणजे लोखंडाची सुई. पायात खिळा घुसला, पत्रा लागला, विळा लागला की दवाखान्यात जाऊन घ्यायची. अंगावर ओरखडा नसलेल्या बाईनं ती कशाला घ्यायची? सरूबाई तर म्हणाली, "धडधाकट सुनंला लोखंडाची सुई? आवो बाई, काय बी काय!"

मी समजावायला पुढं झाले, गर्भवती मातेचं लसीकरण वगैरे वगैरे. सिस्टरनं मला कोपरानं मागं ढकललं आणि मंदाला विचारलं, "तुला न्हाय लागलं लोखंड, मान्य. पण लेकराची नाळ कशानं कापत्यात गं? केळीच्या पानानं?"

मंदा हसली. "पात्यानं."

"मग लोखंड कुणाला लागणार?"

मंदाचा हात नकळत पोटावर गेला. "लेकराला," ती म्हणाली.

"जन्मल्या जन्मल्या त्याला लोखंड लागणार. तेव्हा त्याच्या अंगात ताकद कुठली? म्हणून तू आत्ता घ्यायची, तुझ्या रक्तातनं त्याला जाती. सुई तुझ्या दंडात, पर ती हाय लेकराची." मंदानं स्वतः बाही वर केली. महिन्यानं दुसरी घ्यायला ती आपल्या पायानं उपकेंद्रात आली. त्या दिवसापासून मी कुणालाही लसीकरण हा शब्द सांगत नाही. विचारते, नाळ कशानं कापतात?

मंदाचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, मुलगी झाली, सगळं नीट. तिसऱ्या दिवशी घरी आली. पाचव्या दिवशी आम्ही दोघी घरभेटीला गेलो तेव्हा सटवाईच्या पूजेची तयारी चालली होती. पाटा-वरवंटा धुऊन मांडलेला, शेजारी विळा, कोरा कागद, पेन. सिस्टरनं हात धुतले, लेकरू उघडं केलं आणि बघतात तर बेंबीवर राखेचा आणि तेलाचा हा एवढा थर!

मी डोळे मिटले. म्हटलं, आता सरूबाईचं काही खरं नाही. सिस्टरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पण त्यांनी हळू आवाजात उकळून गार केलेलं पाणी मागितलं, स्वच्छ कापसानं हळूहळू ती राख काढली, बेंबी कोरडी केली. मंदा म्हणाली, "सिस्टर, म्या नगं म्हणले व्हते. मामी म्हणल्या, आमी काय येडे हाव का?"

मामी म्हणजे सरूबाई, पदर खोचून भांडायच्या तयारीत उभी. "माझी सहा लेकरं याच राखेवर वाढली!"

"सहा वाढली, मावशी. झाली किती व्हती?"

सरूबाई भिंतीकडं बघून म्हणाली, "आठ."

सिस्टर तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "माझ्या आईची पहिली दोन बी अशीच गेली. दोन्ही पोरगे. सातव्या दिवशी दूध सोडलं, नवव्या दिवशी गेले. दुसऱ्याच्या टायमाला आईचं दूध दाटून यायचं आन् लेकराचं तोंड उघडायचं न्हाय. बोटानं उघडायला बघायची ती. मरेस्तोवर सांगायची मला, तोंड उघडलं न्हाय गं धोंडे. मग मी झाले. लोकांनी सांगितलं, पोरीला उकिरड्यावर टाकून परत उचला, धोंडा म्हणून हाका मारा, म्हंजी सटवाईला वाटंल, ह्या घरात लेकरू न्हाय, दगड हाय. टाकलं मला उकिरड्यावर, खोटं न्हाय सांगत. मी जगले. आई म्हणायची, नावानं जगलीस. नावानं न्हाय, मावशी. त्या खेपेला सुईणीनं दुकानातनं नवं पातं आणलं व्हतं आन् आईनं भीतीपायी बेंबीला कुणाला हातच लावू दिला न्हाय. मला हे नर्सिंगला गेल्यावर कळलं. तवर आई गेली व्हती."

सरूबाईनं तोंडाला पदर लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला मी रडताना पाहिलं. दोन लेकरं आपल्या हातानं लावलेल्या राखेनं गेली असतील, हे कुणी सांगितलं नव्हतं तिला. सिस्टरनंही तसं म्हटलं नाही. "तुमाला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तुमचा काय दोष?" एवढंच म्हणाल्या. मग लगेच जीप बोलावून मंदाला, लेकराला आणि सरूबाईला घेऊन दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांना दाखवलं. पुढचे दहा दिवस रोज सकाळी येऊन लेकरू दूध ओढतंय का बघायच्या. मंदाच्या दोन्ही सुया झालेल्या होत्या, पोरगी ठणठणीत राहिली. सटवाईची पूजा त्या खेपेला एक दिवस उशिरा झाली आणि पाट्यावरचा जुना विळा काढून तिथं सिस्टरनं नवीन, न फोडलेल्या पात्याची पुडी मांडली. "सटवाईला बी कळू दे," म्हणाल्या.

त्यानंतर सिस्टरनं सुनांच्या सभा बंद केल्या आणि सासवांच्या सुरू केल्या. म्हणायच्या, "सुनंला कळून काय उपयोग? बेंबीवर हात सासूचा असतो." सरूबाई पहिल्या रांगेत बसायची आणि उत्तर न येणारीला चिमटा काढायची.

एवढं सगळं झालं आणि मग ती पाहणी आली. एका संस्थेची शहरातली मुलं मोबाईलवर फॉर्म भरत गावोगाव फिरली. आयांना नवजात बाळाच्या धनुर्वाताची किती माहिती आहे, ते बघायचं होतं. दोन महिन्यांनी धाराशिवला मीटिंग झाली. सगळ्या तालुक्यांच्या सिस्टर, आशा, साहेब लोक. पडद्यावर यादी आली आणि आमच्या उपकेंद्राची आठ गावं तळाला! साहेबांनी सिस्टरला उभं केलं. "सिस्टर, तुमच्याकडं दहातल्या नऊ आया म्हणतात माहिती नाही. इतकी वर्षं काय केलंत?"

सिस्टरला निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. त्या उभ्या राहिल्या आणि पुन्हा खाली बसल्या. येताना एसटीत त्यांनी शेजारणीची नखंसुद्धा बघितली नाहीत. लोहाऱ्याला उतरताना एकच वाक्य बोलल्या, "मी म्हणजे सगळं फुकटच बोलत होते का गं सुनीता?" माझा जीव तुटला. साहेबाच्या बोलण्याचं त्यांना काही नव्हतं. आपल्या बायांना खरंच काही कळलं नाही, मग उद्या एखाद्या घरात पुन्हा राख लागणार, लेकरू जाणार, हे त्यांना खात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मंदाच्या दारात. "मंदा, ती मोबाईलवाली पोरगी आली व्हती, तिनं काय इचारलं?"

"इचारलं की, बेंबीला काय लावता?"

"तू काय सांगितलंस?"

"काय न्हाय."

"का न्हाय सांगितलंस?" सिस्टर ओरडल्या.

"आवो सांगितलं की! काय न्हाय म्हणून सांगितलं!"

मी आधी हसले, मग सिस्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. मंदानं बघितलं होतं, त्या शहरातल्या पोरीच्या मोबाईलवर तेल, हळद, राख, औषध असे रकाने होते आणि शेवटचा रकाना, माहिती नाही. काहीच लावत नाही, असा रकानाच नव्हता! आमच्या आठ गावांतली प्रत्येक शहाणी बाई छाती फुगवून "काय न्हाय" म्हणाली आणि त्या मुलांनी प्रत्येकीला अडाणी ठरवलं. सिस्टर मंदाच्या ओट्यावर बसल्या आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की सरूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

मग त्या धाराशिवला जाऊन हटून बसल्या, पाहणी पुन्हा करा. साहेब म्हणाले, तुम्ही बायांना पढवून ठेवाल. सिस्टर म्हणाल्या, "पढवलंय तर आहेच, इतकी वर्षं तेच केलं. पण त्या दिवशी मी गावात पाऊल टाकणार नाही." आणि खरंच त्या दिवसभर लोहाऱ्याच्या स्टँडवर बसून राहिल्या. मलाही ताकीद होती. मी मात्र सरूबाईच्या घराच्या भिंतीआड उभी होते, खोटं कशाला बोलू?

या खेपेला ती पोरगी नेमकी सरूबाईच्या तावडीत सापडली. बेंबीला काय लावता? सरूबाई म्हणाली, "काय न्हाय." पोरीनं बोट उचललं, तशी सरूबाईनं तिचं मनगट धरलं. "थांब बाई! काय न्हाय म्हंजी ठावं न्हाय, असं न्हवं. काय न्हाय म्हंजी राख न्हाय, त्याल न्हाय, हळद न्हाय, कुकू न्हाय, श्याण न्हाय. कोरडी ठिवायची. नाळ नव्या पात्यानं, दोरा उकळलेला, हात साबणानं, सुनंला दोन सुया. लिव्ह! माझी दोन गेलीत, मला ठावं न्हाय व्हय?"

ती पोरगी डोळे पुसत बाहेर आली. तिनं संस्थेला फोन करून फॉर्ममध्ये काहीच लावत नाही असा नवीन रकाना घालायला लावला आणि आमची आठ गावं वरून पहिली आली. पुढच्या मीटिंगला साहेबांनी सिस्टरसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. सिस्टर उभ्या राहून म्हणाल्या, "ह्या टाळ्या आमच्या सरूमावशीला पोचवा." गर्वानं माझीच मान ताठ झाली होती, माझं काही कर्तृत्व नसताना.

सिस्टर निवृत्त होऊन धाराशिवला राहायला गेल्या. पण माणूस निवृत्त झालं तरी काळजी कुठं निवृत्त होते? दर आठवड्याला फोन, कोण गरोदर आहे, कुणाची सुई राहिली. मंदा दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि नवऱ्याबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला निघाली. सातवा महिना सरत आलेला. आम्ही दोघींनी तिला जाऊ नको म्हणून विनवलं, पण टोळी निघाली होती, ती थांबली नाही. जायच्या आधी मी तिला उपकेंद्रात नेऊन सुई घ्यायला लावली आहे, याची सिस्टरनं माझ्याकडून तीन वेळा खात्री करून घेतली. आणि मंदाला फोनवर सांगितलं, "एक ध्यानात ठेव. नवं पातं नसलं तर नाळ कापायचीच न्हाय. नाळेला घाई नसती, माणसाला असती."

दोन महिन्यांनी सकाळी मंदाचा मला फोन आला. पोरगा झाला होता. काल, उसाच्या फडात. पहाटे कळा सुरू झाल्या, सरकारी गाडीला फोन केला, गाडी यायच्या आधी लेकरू आलं. मी फोन ठेवला आणि सिस्टरला लावला. त्यांनी एकच शब्द विचारला, "नाळ?" मला माहीत नव्हतं, रेंज तुटली होती. पुढचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. मंदाचा फोन लागायचा, तुटायचा. सिस्टर रोज सकाळी मला विचारायच्या, दूध ओढतंय का? मी सांगायचे, कालपर्यंत ओढत होतं.

नवव्या दिवशी मंदा जीपनं घरी आली. तिच्या मागोमाग धाराशिवहून सिस्टर आल्या. पिशवी माझ्या हातात दिली, साबणानं हात धुतले आणि आत जाऊन बसल्या. लेकरू झोपलं होतं. "उठीव त्याला," म्हणाल्या. सरूबाई म्हणाली, "आवो बाई, निजू द्या की." "उठवा, मावशी." मंदानं त्याला उठवून पदराखाली घेतलं आणि पोरानं असा चटाचटा आवाज करत ओढायला सुरुवात केली, की दारापर्यंत ऐकू येत होता. सिस्टरनं त्याच्या हलणाऱ्या जबड्यावर हलकंच एक बोट ठेवलं. कितीतरी वेळ ठेवलं. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मग मंदानं सगळं सांगितलं. मुकादमाची बायको ऊस तोडायचा कोयता घेऊन आली होती. बाळ मंदाच्या छातीवर, नाळ तशीच. "म्या तिचा हात धरला," मंदा म्हणाली. "म्हणले, कोयता लावायचा न्हाय. समद्या बाया वरडाय लागल्या, मरंल पोरगं, काप लवकर. म्हणले, मरत न्हाय, गाडी येऊ द्या. पाऊण घंटा तसंच धरून बसले सिस्टर, पोरगं लुगड्यात गुंडाळून. मग गाडीतली नर्स आली, तिनं नव्या पात्यानं कापली. तिनं इचारलं, तुला कुणी शिकवलं?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हणले, आमच्या सिस्टरनं."

सिस्टरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तिथं नव्हते गं. तू केलंस." मग आमच्या सगळ्यांकडं बघून पुन्हा तेच म्हणाल्या, "मी नव्हते तिथं." असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधीच पाहिला नव्हता, टाळ्या वाजल्या त्या दिवशीसुद्धा नाही.

संध्याकाळच्या जीपला मी त्यांना पोचवायला गेले. जीप गच्च भरलेली. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची पोटुशी लेक बसली होती, त्यांच्यामध्ये सिस्टर कशाबशा टेकल्या. त्यांची नि या दोघींची ओळख ना पाळख. जीप सुरू व्हायच्या आतच मी ऐकलं, "आमच्या गावात एक मंदा आहे..." जीप हलली. मागच्या काचेतनं मला दिसलं, सिस्टरनं त्या अनोळखी पोरीचं मनगट हवेत घट्ट धरलं होतं. कोयता कसा अडवला ते त्या तिला दाखवत होत्या.